चालू प्रोसेसला सिग्नल पाठवताना: पीआयडी शोधण्यापासून ट्रॅप लिहिण्यापर्यंत

नागपुरात आयटी पार्कच्या छोट्या ऑफिसांत, मिहानमध्ये किंवा कॉलेजांच्या लॅबमध्ये एकच लिनक्स सर्व्हर चार-पाच जण मिळून वापरतात, हे नेहमीचं दृश्य आहे. अशा ठिकाणी कधी ना कधी शेजारच्या खुर्चीवरून प्रश्न येतो, "दादा, सर्व्हर हँग होऊन राहिला, माझी स्क्रिप्ट मारून देऊ का?" आणि बहुतेक वेळा उत्तर मिळतं, "किल नऊ मार अन् मोकळा हो." स्क्रिप्ट मरते, पण अर्धवट लिहिलेली फाइल, उरलेलं लॉक आणि तात्पुरत्या फाइलींचा ढीग मागे राहतो. दुसऱ्या दिवशी तो कुणीतरी दुसराच निस्तरतो.

सिग्नल म्हणजे चालू प्रोग्रामला, म्हणजे प्रोसेसला, बाहेरून दिलेली छोटी सूचना. ती पाठवणारी कमांड म्हणजे किल, आणि "किल नऊ" म्हणजे या कमांडने पाठवलेला नऊ क्रमांकाचा सिग्नल, त्याचंही नाव किलच. एक गोष्ट पक्की धरून चाला. सिग्नलचा अर्थ पाठवणारा ठरवत नाही, घेणारा प्रोग्राम ठरवतो. तोच सिग्नल एका प्रोग्रामला "आवरून बंद हो" असं सांगतो, दुसऱ्याला "लॉग फाइल पुन्हा उघड" असं, आणि तिसऱ्याने त्याची सोय केलेलीच नसेल तर तो जागीच संपतो. याला पक्के अपवाद दोनच, किल आणि स्टॉप. हे दोन सिग्नल प्रोग्रामला पकडता येत नाहीत, टाळता येत नाहीत, कर्नल (लिनक्सचा गाभा) ते स्वतः अमलात आणतो. म्हणून सिग्नल पाठवण्याची खरी मेहनत कमांड टाइप करण्याआधीच होते.

या लेखात कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या इंग्रजी लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायच्या. सिग्नलची नावं मोठ्या अक्षरांत लिहायची: टर्म (टी-ई-आर-एम), इंट (आय-एन-टी), हप (एच-यू-पी), क्विट (क्यू-यू-आय-टी), कॉन्ट (सी-ओ-एन-टी), यूएसआर१. पूर्ण यादी हवी असेल तर "किल -एल" चालवा.

नेमकी प्रोसेस कोणती

उदाहरण म्हणून एक स्क्रिप्ट घेऊ. काटोल-नरखेड पट्ट्यातल्या संत्र्याच्या बागांची उपग्रहचित्रं वाचून प्रत्येक बागेचा हिरवेपणा मोजणारी, नाव बागा.पीवाय. ती चालवा.एसएच या बॅश स्क्रिप्टमधून सुरू होते. तिला शोधायचं असं:

पीग्रेप -एएफ बागा.पीवाय

उत्तर साधारण असं येईल:

४७९० बॅश ./चालवा.एसएच बागा.पीवाय
४८१२ पायथन३ बागा.पीवाय
४८१५ पायथन३ बागा.पीवाय
५१०३ व्हिम बागा.पीवाय

इथे "एफ" महत्त्वाचा आहे. तो नसेल तर पीग्रेप फक्त प्रोसेसचं नाव बघतो, आणि पायथनच्या बाबतीत ते नाव पायथन३ असतं, तुमच्या स्क्रिप्टचं नाव त्यात नसतं. शिवाय लिनक्स हे नाव पहिल्या १५ अक्षरांपुरतंच जपून ठेवतं, त्यामुळे लांब नावाचा प्रोग्राम "सापडत नाही" अशी तक्रार होते. "एफ" दिला की पूर्ण कमांड ओळ तपासली जाते. पण मग चौथ्या ओळीसारखं होतं: कुणीतरी तीच फाइल एडिटरमध्ये उघडून बसलंय. पीग्रेपच्या जागी सरळ "पीकिल -एफ" लिहिलं असतं, तर त्याच्या व्हिमलाही सिग्नल गेला असता. म्हणून पीकिल वापरायचंच असेल तर आधी त्याच पर्यायांनी पीग्रेप चालवा, यादी डोळ्यांखालून घाला, आणि मगच नाव बदला.

यादीतल्या पीआयडीबद्दल, म्हणजे ओळीच्या सुरुवातीच्या प्रोसेस-क्रमांकाबद्दल, आणखी खात्री करून घ्या:

पीएस -ओ पीआयडी,पीपीआयडी,पीजीआयडी,यूजर,स्टॅट,एलस्टार्ट,सीएमडी -पी ४८१२

यातून प्रोसेसचा मालक कोण, तिला कुणी जन्म दिला, ती कोणत्या गटात आहे आणि कधी सुरू झाली हे कळतं. सुरू झाल्याची वेळ मी नेहमी बघतो. पीआयडी पुन्हा वापरले जातात. सकाळी कागदावर टिपून ठेवलेला आकडा संध्याकाळी दुसऱ्याच कुणाचा असू शकतो.

सिग्नल पाठवल्यावर "ऑपरेशन नॉट परमिटेड" असं आलं, तर प्रोसेस तुमची नाही. साधा यूजर फक्त स्वतःच्या प्रोसेसना सिग्नल पाठवू शकतो. अशा वेळी लगेच सुडो (रूटचे, म्हणजे व्यवस्थापकाचे अधिकार) लावू नका, मालकाला हाक मारा. त्याचं काम किती वेळाचं आहे आणि कुठवर आलंय हे त्यालाच ठाऊक असतं.

ती प्रोसेस काय ऐकते

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात, आणि सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. लिनक्सवर कोणत्याही चालू प्रोसेसने कोणते सिग्नल स्वतःकडे घेतलेत हे थेट बघता येतं:

ग्रेप सिग /प्रॉक/४८१२/स्टेटस

("सिग"मधला एस मोठा.) चार-पाच ओळी येतात. त्यातल्या दोन कामाच्या. सिगसीजीटी म्हणजे प्रोग्रामने पकडलेले सिग्नल, सिगआयजीएन म्हणजे त्याने दुर्लक्ष करायचं ठरवलेले. समोर सोळा अंकांची लांब संख्या दिसते. ती उजवीकडून वाचायची. उजवीकडचा पहिला अंक सिग्नल १ ते ४ चा, दुसरा ५ ते ८ चा, तिसरा ९ ते १२ चा, चौथा १३ ते १६ चा. प्रत्येक अंकात त्या चार सिग्नलच्या किमती क्रमाने १, २, ४, ८ धरायच्या आणि बेरीज सोडवायची. अंकाच्या जागी ए ते एफ दिसलं तर ते १० ते १५ समजा.

समजा सिगसीजीटीचे शेवटचे चार अंक ४२०३ आहेत. उजवीकडचे ३ म्हणजे १ अधिक २, म्हणजे सिग्नल १ आणि २, हप आणि इंट. पुढचं शून्य, काही नाही. मग २, तो ९ ते १२ च्या गटातला दुसरा, म्हणजे १०, यूएसआर१. शेवटी ४, तो १३ ते १६ मधला तिसरा, म्हणजे १५, टर्म. या प्रोग्रामने हप, इंट, यूएसआर१ आणि टर्म या चारांसाठी स्वतःचा कोड लिहिलाय. त्यात नेमकं काय होतं हे त्याच्या मॅन्युअलमध्ये बघायचं, पण निदान दार उघडं आहे हे कळलं.

आता आपल्या बागा.पीवायकडे बघा. साध्या पायथन स्क्रिप्टचा शेवटचा अंक बहुधा २ असतो आणि चौथा शून्य. म्हणजे ती फक्त इंट पकडते. याचा परिणाम खूप जणांना माहीत नसतो. अशा स्क्रिप्टला टर्म पाठवला तर ती जागच्या जागी संपते, तिचा "फायनली" ब्लॉक चालत नाही आणि उघडी फाइल नीट बंद होत नाही. इंट पाठवला तर मात्र कीबोर्डइंटरप्ट उठतो, फायनली चालतो, आवराआवर होते. टर्म हा सभ्य सिग्नल, असं सगळीकडे वाचायला मिळतं, पण सोय न केलेल्या पायथन स्क्रिप्टपुरता इंट अधिक सभ्य आहे.

त्यातही एक खाच आहे. बॅश स्क्रिप्टच्या आतून "अँड" चिन्ह लावून पाठीमागे सोडलेल्या प्रोसेस इंटकडे दुर्लक्ष करण्याची सवय घेऊनच जन्माला येतात, आणि पायथनही मग तो पकडत नाही. तेव्हा सिगआयजीएन ओळीतला शेवटचा अंकही बघा. तिथल्या बेरजेत २ असेल (बहुधा ६ दिसतो, म्हणजे इंट आणि क्विट) तर इंट पाठवून काहीच होणार नाही.

मोठ्या सॉफ्टवेअरचे संकेत ठरलेले आहेत आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत. एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या मुख्य प्रोसेसला टर्म दिला तर ती चालू विनंत्या तोडून झटपट बंद होते. हातातलं काम संपवून बंद व्हायला हवी असेल तर क्विट. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसमध्ये मुख्य प्रोसेसला टर्म म्हणजे सगळे वापरकर्ते आपणहून जाईपर्यंत वाट बघणं, इंट म्हणजे अपुरे व्यवहार मागे घेऊन लगेच बंद होणं, आणि क्विट म्हणजे काही न आवरता थांबणं, ज्यानंतर पुढच्या सुरुवातीला डेटा सावरण्याची प्रक्रिया चालते. त्याच पोस्टग्रेएसक्यूएलच्या एका जोडणीच्या प्रोसेसला इंट दिला तर फक्त चालू क्वेरी रद्द होते. एनजिनएक्ससाठी हळुवार असलेला क्विट डेटाबेसला दिला तर काय होईल, याचा विचार करा.

यूएसआर१बद्दल वेगळं सांगतो. लिनक्सवर चालू डीडीला (फाइल किंवा डिस्क कॉपी करणारी कमांड) यूएसआर१ दिला की तो आतापर्यंत किती बाइट कॉपी झाले ते छापतो, एनजिनएक्स लॉग फाइल पुन्हा उघडतो. पण ज्या प्रोग्रामने यूएसआर१ पकडलेला नाही तो हा सिग्नल मिळताच मरतो. मॅकवरचा डीडीसुद्धा मरतो. "बघू तर काय होतं" म्हणून पाठवायचा हा सिग्नल नव्हे.

पाठवा आणि थांबा

किल -इंट ४८१२

नाव लिहा, आकडा नको. लिनक्सवर १९ म्हणजे स्टॉप, मॅकवर १९ म्हणजे कॉन्ट, नेमकं उलट. लिनक्सवरचा १० यूएसआर१ आहे, मॅकवर तो बस, मेमरीच्या चुकीचा सिग्नल. नावं दोन्हीकडे सारखीच चालतात.

पाठवल्यावर लगेच पुन्हा पाठवू नका. पायथन एखाद्या सी लायब्ररीच्या आत मोठं चित्र वाचत असेल, तर तिथून परत आल्याशिवाय तो इंटकडे बघतच नाही. किती थांबायचं याचा अंदाज हवा असेल तर मोठ्या यंत्रणांच्या ठरलेल्या मुदती बघा: प्रोग्राम कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालवणारा डॉकर टर्म दिल्यानंतर १० सेकंद थांबतो, असे अनेक कंटेनर सांभाळणारा कुबरनेटिस ३०, आणि लिनक्सवरच्या सेवा सांभाळणारा सिस्टमडी सहसा ९०. हाताने काम करताना मी मिनिट-दीड मिनिट देतो, डेटाबेस असेल तर बराच जास्त.

प्रोसेस अजून आहे का, हे विचारायला "किल -० ४८१२" वापरतात. शून्य क्रमांकाचा सिग्नल प्रत्यक्षात जात नाही, फक्त अस्तित्व आणि परवानगी तपासली जाते. पण मेलेली आणि पालकाने अजून दखल न घेतलेली झोंबी प्रोसेसही इथे "आहे" असंच उत्तर देते. म्हणून पीएसमधला स्टॅट रकाना बघणं जास्त भरवशाचं.

पूर्ण गटाला सिग्नल द्यायचा असेल, म्हणजे बॅश, पायथन आणि तिने काढलेली सगळी मुलं, तर पीजीआयडीपुढे (गटाचा क्रमांक, वरच्या पीएसमध्ये दिसतो तो) वजाचं चिन्ह लावा:

किल -इंट -- -४७९०

टर्मिनलवर कंट्रोल-सी दाबल्यावर हेच होतं, समोर चालू असलेल्या सगळ्या गटाला इंट जातो. मधल्या दोन रेघा विसरू नका. आणि वजा एक कधीही लक्ष्य म्हणून लिहू नका. "किल -९ -१" याचा अर्थ आहे तुमच्या ताब्यातली प्रत्येक प्रोसेस. रूट म्हणून हे चालवलं तर सर्व्हरवर जवळपास काहीच उरत नाही.

दुपारी थांबवा, रात्री चालवा

नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. कूलरच्या दमट हवेत ठेवलेलं मशीन किंवा एकाच एसीच्या भरवशावर असलेली छोटी सर्व्हर-खोली दुपारी कशीबशी तग धरते. अशा वेळी आठ तासांचं काम मारून टाकायची गरज नाही, ते गोठवून ठेवता येतं:

किल -स्टॉप -- -४७९०

स्टॅट रकान्यात टी दिसेल. सीपीयूचा वापर शून्यावर येतो, तापमान उतरतं. लाइन गेली आणि मशीन यूपीएसवर आलं तरी हाच उपाय. भार कमी झाला की बॅटरी जास्त वेळ पुरते. ऊन उतरल्यावर:

किल -कॉन्ट -- -४७९०

काम जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू होतं. संध्याकाळी ऑफिसात कुणी नसणार असेल तर "एट" कमांडला हे काम सोपवा: इको "किल -एस कॉन्ट -- -४७९०" चं आउटपुट पाइपने "एट १९:००" कडे द्या. गोठलेली प्रोसेस आपला पीआयडी धरून बसलेली असते, त्यामुळे मशीन मध्ये रीस्टार्ट झालं नाही आणि तिला कुणी मारलं नाही, तर संध्याकाळी तो आकडा तिचाच असतो.

हा उपाय मला फार आवडतो, पण त्याच्या मर्यादा नीट समजून घ्या. गोठलेली प्रोसेस मेमरी सोडत नाही. रॅम भरल्यामुळे सर्व्हर अडला असेल तर स्टॉपने लगेच काही सुटणार नाही. तिच्या हातात डेटाबेसचं लॉक असेल तर ते तसंच राहतं आणि बाकीचे सगळे रांगेत अडकतात. नेटवर्कवरून डेटा उतरवत असेल तर समोरचा सर्व्हर कंटाळून जोडणी तोडतो. आणि गोठवणं म्हणजे डिस्कवर साठवणं नाही. वीज पूर्ण गेली तर काम गेलं.

गोठलेल्या प्रोसेसला टर्म किंवा इंट पाठवला तर तो पोहोचतो पण अमलात येत नाही, कॉन्ट मिळेपर्यंत ताटकळतो. "टर्म देऊनही मरत नाही" या तक्रारीमागे अनेकदा कुणीतरी कंट्रोल-झेड दाबून विसरलेली प्रोसेस असते. अशा वेळी टर्मच्या पाठोपाठ कॉन्ट पाठवा.

टर्मिनल बंद झालं, तेव्हा

एसएसएच (दुरून सर्व्हरवर केलेली जोडणी) तुटलं की शेल आणि तिच्या मुलांना हप जातो, आणि ज्यांनी तो पकडलेला नाही ते संपतात. लांबचं काम टीमक्समध्ये (जोडणी तुटली तरी चालू राहणारं टर्मिनल) सुरू करणं हा सगळ्यात चांगला मार्ग. आधीच सुरू झालं असेल तर कंट्रोल-झेड, मग "बीजी", मग "डिसओन -एच".

पाठीमागे कायम चालणाऱ्या सेवांना टर्मिनलच नसतं, म्हणून त्यांच्यात हपचा उपयोग बहुधा सेटिंग पुन्हा वाचण्यासाठी केलेला असतो. एनजिनएक्सला हप देण्याआधी "एनजिनएक्स -टी" चालवून फाइल बरोबर आहे का ते तपासा. सेवा सिस्टमडीकडे असेल तर पीआयडी शोधत बसू नका, "सिस्टमसीटीएल किल -एस हप" पुढे सेवेचं नाव द्या, किंवा सोय असेल तर सरळ "रीलोड". अशी सेवा हाताने मारली आणि ती दोन सेकंदांत परत उभी राहिली तर चकित होऊ नका, रीस्टार्ट करण्याची आज्ञा तिच्या फाइलीत लिहिलेली असते. तिथे "स्टॉप" हीच कमांड हवी.

किल कधी

बाकी सगळं करून झालं, वाट बघून झाली, आणि प्रोग्राम खरंच अडकलाय हे दिसलं, तरच "किल -किल ४८१२". मारण्याआधी पायथन असेल तर लॉगचा शेवट, जावा असेल तर क्विट देऊन थ्रेड डंप घ्या. जावा क्विटने मरत नाही, कोणता थ्रेड कुठे अडकलाय ते छापते, आणि ती माहिती मेल्यावर मिळत नाही. पोस्टग्रेएसक्यूएलच्या एका जोडणीला किल देण्याचा मोह टाळा. एक मेली की मुख्य प्रोसेस बाकी सगळ्या जोडण्या तोडून डेटा सावरायला घेते.

किलनेही न मरणारे दोन प्रकार आहेत. स्टॅटमध्ये झेड असेल तर ती झोंबी, आधीच मेलेली. मेलेल्याला मारता येत नाही. तिच्या पालकाकडे बघा, पालक संपला की ती आपोआप जाते. डी असेल तर ती कर्नलच्या आत डिस्क किंवा नेटवर्क फोल्डरच्या उत्तराची वाट बघतेय. किल सहसा तिथून बाहेर पडल्यावरच लागू होतो. तेव्हा पुन्हा पुन्हा सिग्नल पाठवण्यापेक्षा नेटवर्क फोल्डर पुरवणारा एनएफएस सर्व्हर जिवंत आहे का, डिस्कच्या चुका डीमेसेजमध्ये (डी-एम-ई-एस-जी, कर्नलच्या नोंदी दाखवणारी कमांड) दिसतात का, ते तपासा.

तुम्ही काही न करता काम संपलं आणि बाहेर पडण्याचा कोड १३७ आला, तर १२८ वजा करा, उरतात ९. कुणीतरी किल दिला. अनेकदा तो कर्नलनेच मेमरी संपल्यामुळे दिलेला असतो आणि डीमेसेजमध्ये त्याची नोंद सापडते. १४३ म्हणजे टर्म, १३० म्हणजे इंट.

स्वतःची स्क्रिप्ट ऐकणारी करा

आपल्या उदाहरणात अजून एक दुखणं आहे. फक्त ४७९० ला, म्हणजे बॅशला, टर्म दिला तर बॅश संपते आणि पायथन अनाथ होऊन चालतच राहते. बॅशमध्ये ट्रॅप, म्हणजे सिग्नल आल्यावर काय करायचं ते सांगणारी ओळ, लिहिला तरी पुढ्यातली कमांड संपेपर्यंत तो चालत नाही. पायथनला पाठीमागे सोडून "वेट" केलं तर ट्रॅप लगेच चालतो:

पायथन३ बागा.पीवाय &
मूल=$!
ट्रॅप 'किल -टर्म $मूल' टर्म इंट
वेट $मूल
वेट $मूल

("मूल" हे चलाचं नाव, तेही इंग्रजी अक्षरांत लिहा.) दुसरा वेट मुद्दाम आहे. सिग्नल आल्यावर पहिला अर्ध्यातच सुटतो, आणि पायथनची आवराआवर होईपर्यंत थांबायला दुसरा लागतो. मुलाला इंटऐवजी टर्म का, ते वर आलंच आहे: पाठीमागे सोडलेली प्रोसेस इंट ऐकत नाही. म्हणून पायथनमध्ये सिग्नल मॉड्यूल वापरून टर्मसाठी एक छोटं फंक्शन नोंदवा आणि त्यात फक्त एसवायएस.एक्झिट बोलवा. तेवढ्याने फायनली ब्लॉक चालतात.

बॅश स्क्रिप्टला पायथननंतर काहीच करायचं नसेल तर ट्रॅपचीही गरज नाही. शेवटची ओळ "एक्झेक पायथन३ बागा.पीवाय" अशी लिहा. बॅशच्या जागी त्याच पीआयडीवर पायथन येते आणि सिग्नल थेट तिलाच मिळतो. डॉकरमध्येही हेच करा, पण टर्मचं फंक्शन तिथे विसरून चालणार नाही: कंटेनरमधली पहिली प्रोसेस जो सिग्नल पकडत नाही तो तिच्यावर लागूच होत नाही. डॉकर स्टॉप दिल्यावर दर वेळी बरोबर दहा सेकंद लागत असतील तर कारण बहुतेक हेच. कोड बदलणं हातात नसेल तर कंटेनर "--इनिट" पर्यायाने सुरू करा. पहिल्या क्रमांकावर एक छोटी प्रोसेस बसते आणि मिळालेला प्रत्येक सिग्नल तुमच्या प्रोग्रामपर्यंत पोहोचवते.